उजव्या खांद्यावरचा पदर

चित्रासमोर उभी राहिले की माझे हात अजून आपोआप पाठीमागे जातात आणि तोंड मिटतं. चित्र वाण्याच्या कॅलेंडरवरचं असलं तरी. ही शिस्त मला भोजे सरांनी लावली. ते आमच्या शाळेत चित्रकला शिकवत, मी मराठी. "आधी डोळं, मग तोंड," असं ते म्हणत, आणि चित्रापुढे आल्या आल्या कुणी "वा, सुरेख!" म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठी पडे. "पावणं, बघितलं कवा तुमी? नुस्तं वा म्हणायचं तर तमाशाला जावा की."

सर गेले तेव्हा शाळेत शोकसभा झाली. जो उठला त्यानं त्यांना 'कलेचे निस्सीम उपासक' म्हटलं. मला बोलता आलं नाही. सभेत मला कधीच बोलता येत नाही. पण सर मागच्या बाकावर असते तर त्यांनी काय केलं असतं, ते मला दिसत होतं. त्यांनी वक्त्याकडे पाठ फिरवली असती, खिशातून गोल आरसा काढून खांद्याच्या वर धरला असता, त्यात बघितलं असतं आणि शेजारच्याला सांगितलं असतं, "भाषण डावीकडं कललंय जरा."

दाढीचा तो पत्र्याच्या कडेचा आरसा सरांच्या सदऱ्याच्या खिशात कायम असे. नवीन आलेल्या शिक्षकांना वाटायचं, गृहस्थ नटवे दिसतात. तसं काही नव्हतं. सरांचे केस कधी विंचरलेले मी पाहिले नाहीत आणि त्यांच्या कानामागे खडूचा एक तुकडा असे, तो ते घरी जाऊन जेवायला बसले तरी तिथंच राही. आरसा होता चित्रांसाठी. पोरांचं चित्र असो की स्वतःचं, ते त्याच्याकडे पाठ करून उभे राहायचे आणि आरशात बघायचे. "रोज बघून डोळा चुकीला सरावतोय बाई. आरशात चित्र उलटं हुतं, परकं हुतं. परक्याची चूक आपल्याला लगेच दिसती." या आरशावर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास होता. त्या विश्वासानंच त्यांना एकदा गोत्यात आणलं.

सर मूळचे मुरगूडचे. वडिलांचा धान्याचा व्यापार. पोरगा तराजू धरील अशी अपेक्षा होती, त्यानं कोळसा धरला. तो कोळसाही ते घरीच करत. चिंचेच्या सरळ काड्या डालड्याच्या डब्यात ठासून, झाकण लावून, बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या शेगडीवर भाजायला ठेवत. भाकऱ्या व्हायच्या आत डबा चढला की स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज येई, "आज चिंचेच्या काड्या वाढू का ताटात?" कोळशानं काढलेली रेघ पुसायला सरांना पावाचा मऊ गाभा लागायचा. घरात पाव कुणी खात नसे, पण पुसण्यासाठी रोज एक यायचा. एकदा कामाच्या तंद्रीत भूक लागली म्हणून सरांनी काळा झालेला पाव तोंडात टाकला आणि तसेच दात काळे करून आठवीच्या वर्गावर गेले. पोरं हसायला लागल्यावर त्यांनी आरसा काढून बघितलं आणि गंभीरपणे म्हणाले, "छायाप्रकाश ब्येस पडलाय."

एकदा वरून साहेब तपासणीला आले. हेडमास्तरांच्या खोलीत चहा चालू होता आणि बाहेर साहेबांच्या, हेडमास्तरांच्या, आमच्या सगळ्यांच्या चपला ओळीनं काढलेल्या होत्या. सरांनी नववीचा वर्ग व्हरांड्यात आणून बसवला आणि सांगितलं, "कुणाची कुठली ते मला इचारायचं न्हाय. नुस्तं दिसतंय तसं काढा." साहेब बाहेर आले तर पोरांनी चपला कागदावर उतरवलेल्या. एका कागदावर हेडमास्तरांची जोडी होती. उजवी टाच बाहेरून पार झिजलेली, डावी शाबूत. "ही कुणाची हो?" साहेबांनी विचारलं. हेडमास्तर पुढे होऊन म्हणाले, "असेल कुणाची तरी." आणि आत पाय सारून ती घातली. सगळा व्हरांडा बघत होता. सर पोरांना शांतपणे सांगत होते, "जोडी म्हंजी दोन सारख्या वस्तू न्हवं रं. एक हिकडनं झिजती, दुसरी तिकडनं. म्हणून तर ती जोडी."

जोडी हा त्यांचा आवडता विषय आहे, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

सत्तर सालानंतरचा तो काळ. गावातल्या चित्रकारांचं एक प्रदर्शन भरणार होतं आणि सरांनी त्यात चित्र द्यायचं ठरवलं होतं. जन्मभर पोरांना फुलदाणी आणि वांगी शिकवलेल्या माणसाला एकदा तरी माणसं काढून दाखवायची होती. मे महिन्याची सुट्टी संपली आणि शाळेच्या पहिल्याच दिवशी ते चित्र धोतरात गुंडाळून स्टाफरूममध्ये घेऊन आले. टेबलावरच्या वह्या बाजूला केल्या आणि चित्र भिंतीला टेकवलं. आम्ही सगळे हात मागे बांधून उभे राहिलो.

कागद खाकी होता, कापडाच्या गठ्ठ्यांवर येतो तो जाड, सरांच्या मेव्हण्याच्या दुकानातला. त्यावर कोळसा आणि पांढरा खडू, बाकी काही नाही. स्टुलावर एक पुरुष बसलेला, भरघोस मिशांचा, अर्धा चेहरा सावलीत. त्याच्या मागे बाई उभी. तिनं तोंड फिरवलेलं, खिडकीकडे असावं. आपल्याला दिसतो तो फक्त गाल, नाकातल्या चमकीचा एक ठिपका, मान आणि आंबाडा. पुरुष जवळजवळ सगळा कोळशाचा. खडू फार थोड्या जागी होता. बाईचं कोपर, बांगड्यांची कड, पदराचा काठ, आणि हाताची बोटं. तो हात पुरुषाच्या खांद्यावर होता. म्हणजे आधी तसं वाटायचं. नीट बघितलं की कळायचं, हात टेकलेला नाही. खांद्याच्या वर अगदी थोडा, अधांतरी आहे. मधल्या फटीत ना कोळसा होता ना खडू. नुसता कागद.

"काळं आपण आणायचं, पांढरं आपण आणायचं," सर म्हणाले. "मधलं सगळं कागदच देतोय. संसारात बी मधलंच जास्त असतंय."

"कोण हो ही?" कुणीतरी विचारलं.

"उचगावची जोडी हाय एक. पैसं न घेता बसली बिचारी." मग त्यांनी डोळे बारीक केले. "आता तोंड उघडा. ती हात ठेवणार हाय, का ठेवलेला काढलाय?"

पुढचा तास कुणी वर्गावर वेळेत गेलं नाही. पी.टी.चे मास्तर म्हणाले, "ठेवणार कसली? हाणणार हाय." गणिताच्या मास्तरांनी मान तिरकी करकरून बघितलं आणि सांगितलं, काढलाय, नक्की काढलाय. सर लगेच त्यांना म्हणाले, "आज घरी जाताना गजरा घिऊन जावा." गणिताचे मास्तर लाजले, म्हणजे सरांचा नेम बसला होता. हेडमास्तर सगळ्यांत शेवटी बोलले. "मध्ये अंतर ठेवलंत ते फार बरं केलंत. पालक येतात."

त्या काळी स्टाफरूममध्ये बाई मी एकटीच होते, आणि मला हाताच्या आधी दुसरंच काही दिसलं होतं. चित्रापुढे माना वाकड्या करून उभ्या असलेल्या त्या सगळ्या पुरुषांना ते का दिसत नाही, याचं मला नवल वाटत होतं. सगळे गेल्यावर मी म्हणाले, "सर, चित्र आरशात बघितलंत?"

"सतरा येळा. एक चूक घावली न्हाय."

"आता आरसा खिशात ठेवा आणि सरळ बघा. पदर कुठल्या खांद्यावर आहे?"

सरांनी चित्राकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग माझ्या डाव्या खांद्याकडे. पुन्हा चित्राकडे. चित्रातल्या बाईचा पदर उजव्या खांद्यावर होता. चमकीही उजव्या नाकपुडीत.

"आयला," सर म्हणाले. "माफ करा बाई." आणि त्यांनी उठून स्टाफरूमचं दार लावलं.

जोडी उचगावची नव्हती. शुक्रवार पेठेतली होती, सरांच्याच घरातली. पुरुष म्हणजे सर स्वतः, बाई म्हणजे वहिनी. सोमवारी न्हाव्याचं दुकान बंद असतं, म्हणून दर सोमवारी सर तिथला मोठा आरसा हातगाडीवरून घरी आणायचे. त्यापुढे स्टूल टाकून बसायचे, वहिनींना मागे उभं करायचे आणि आरशात दिसेल तसं दोघांना काढायचे. आरशात सगळं उलटं दिसतं. कागदावर तसंच उतरलं. आणि मग चूक शोधायला त्यांनी चित्र पुन्हा खिशातल्या आरशात बघितलं, तेव्हा ते सुलट झालं. तिथं पदर डाव्या खांद्यावर, चमकी डावीकडे, वहिनी अगदी वहिनींसारख्या. चूक घावणार कशी?

"मग पुसा की पावानं," मी म्हणाले.

"कालच लाख स्पिरिटमधी इरघळवून फुंकलीया त्याच्यावर. कोळसा झडू नये म्हणून. आता पाव काय, पावाचा बाप आला तरी पुसायचं न्हाय."

पदर उलटा पडला एवढीच गोष्ट असती तर सर हसले असते. पण त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. वहिनी बसल्या होत्या त्या एका अटीवर. ही मी आहे हे कुणाला कळता कामा नये. कुणाला म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाला. आण्णांचं महाद्वार रोडला कापडाचं दुकान. चित्रासाठी बाईमाणसानं बसणं हे त्यांच्या लेखी नाटकात काम करण्याच्याही पलीकडचं होतं, आणि नाटकात काम केलेल्या एका चुलतबहिणीला त्यांनी उंबरा बंद केला होता, तो पुन्हा उघडला नव्हता. वहिनींची आई आण्णांकडे अंथरुणाला खिळून होती. "त्यांना कळलं तर आई परत माझ्या नजरंला पडायची न्हाय," असं वहिनींनी आधीच सांगितलं होतं. चित्रातल्या माणसाला मिशा लावायची युक्ती त्यांचीच.

"न्हाव्याचा आरसा पेठेनं बघितलाय," सर म्हणाले. "ह्यो पदर बघून कुणी शाना म्हणाला की चित्र आरशात बघून काढलंय, की संपलं. आरशात बघून माणूस दुसऱ्या कुणाला काढंल?"

"मग देऊ नका प्रदर्शनात."

सरांनी चित्रावर धोतर टाकलं. मग म्हणाले, "कागद आण्णांचा हाय. माझ्या कागदावर काय काढलं ते बघाय येतो म्हणालेत. न्हाई दिलं तर घरी यून बघतील. तिथं ती शेजारीच उभी असंल. मग ताळा जुळायला कितीसा वेळ?"

चित्र गेलं. प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी आण्णा आले, कडक इस्त्रीच्या धोतरात, बरोबर बायको आणि मागे वहिनी, त्यांनाही आण्णांनीच सोबत घेतलं होतं. मला सरांनी मुद्दाम बोलावून घेतलं होतं. काय करायला, ते त्यांनाही ठाऊक नसावं. मी खांबाला टेकून उभी राहिले.

आण्णा चित्रासमोर थांबले. त्यांना हात मागे बांधायला कुणी सांगावं लागलं नाही. गिऱ्हाइकानं परत आणलेलं लुगडं तपासावं तसं त्यांनी चित्र वरपासून खाली बघितलं.

"दाजी, ही बाई कोण?"

"उचगावची हाय."

"बघितल्यागत वाटती." आण्णा पुढे वाकले. "काठ आमच्या दुकानातलं हाईत. ह्यो काठ गावात दुसऱ्या कुणाकडं न्हाय."

सरांचा हात खिशातल्या आरशाकडे गेला आणि तिथंच राहिला. आण्णांनी मानेकडे पाहिलं, आंबाड्याकडे पाहिलं. मग मागे वळून पाहिलं, तिथं त्यांची बहीण उभी होती, तीच मान, तोच आंबाडा. मला वाटलं, झालं.

तेवढ्यात वहिनी पुढे झाल्या. त्यांनी चित्राकडे नाक मुरडून बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "कुणाची बाई हाय की! पदर सुदिक नीट घेता येत न्हाय तिला."

आण्णांनी पुन्हा पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू दुकानदाराचं हसू आलं. "व्हय की! मी तेच म्हणतोय. उजव्या खांद्यावर पदर, ही आपल्याकडची न्हवंच. गुजरात साइडची हाय. दाजी, तुमाला उचगावची म्हणून सांगितलं तिनं?"

"आता ऱ्हाती उचगावात," सर म्हणाले.

"मूळची तिकडचीच. मी कापडात जलम घालवलाय, मला सांगताय?" आण्णा खूश झाले. चूक न शोधता माणसाला चित्र आवडत नाही, असं सर पुढे मला म्हणाले. आण्णांनी मग हाताकडे बघितलं. सरांना आता धीर आला होता. त्यांनी विचारलंच, "आण्णा, ती हात ठेवणार हाय का काढलाय?"

"काढलाय. उघड हाय. आमची बी अशीच करती."

त्यांची बायको मागून म्हणाली, "ठेवणार हाय. त्यो माणूस जरा गप बसला तर."

आण्णा गप बसले. वहिनींनी तोंडाला पदर लावला होता, डाव्या खांद्यावरचा. सर खांबामागे माझ्याजवळ आले, रुमालानं मान पुसली, ती काळी झाली, आणि हळूच म्हणाले, "बाई, काय नटी हाय बघा आमच्या घरात."

चित्राला बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांनी पदराचा उल्लेख करून 'निरीक्षणात त्रुटी' असा शेरा मारला. सरांनी तो शेरा वर्षभर सगळ्यांना आनंदानं सांगितला. आण्णा तर गिऱ्हाइकांनाही सांगत, "आमच्या दाजींनी गुजराती बाई काढली, ती आधी ओळखली कुणी? मी." वहिनी आईला भेटायला जात राहिल्या, ती शेवटची भेट होईपर्यंत.

चित्र सरांच्या पुढच्या खोलीत लागलं. घरी आलेल्या प्रत्येकाला त्यापुढे उभं केलं जाई: दूधवाला, लग्नपत्रिका घेऊन आलेले पाहुणे, विम्याचा माणूस. ठेवणार का काढलाय? उत्तर ऐकून सर त्याला सल्ला देत. कुणाला केळी न्यायला सांगत, कुणाला चार दिवस सासुरवाडीला जाऊन यायला. एका नवऱ्यानं "दोन्ही नाही, नुसता हात आहे" म्हटलं, तर सरांनी त्याला चहा न देता घालवलं. स्वतः मात्र उत्तर देत नसत. विचारलं तर एकदा हे सांगत, एकदा ते. मला त्यांनी अनेकदा विचारलं. मी दर वेळी म्हणायचे, "अजून बघतेय." सरांना ते उत्तर आवडायचं.

मग ते आजारी पडले. मी भेटायला गेले ती दुपार होती. कॉट पुढच्याच खोलीत टाकली होती, पण अशी की चित्र सरांच्या डोक्यामागे येत होतं. सर उशीला टेकून बसले होते. फार वाळले होते. कानामागे खडू नव्हता. हातात आरसा होता आणि त्यात ते चित्र बघत होते.

"कॉट फिरवून देते म्हणते, तर नको म्हणत्यात," वहिनी म्हणाल्या.

"कशाला? सरळ बघितलं की आण्णांची गुजराती बाई दिसती." सर हसले, मग खोकले. "आरशात बघा बाई. पदर बरोबर हाय."

मी वाकून त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. लहानशा गोल काचेत वहिनी सुलट होत्या, तिशी-पस्तिशीतल्या. मिशा लावलेले सर त्यांच्यापुढे.

"बाई, आता तरी सांगा. ठेवणार हाय का काढलाय?"

"अजून बघतेय."

"मला इचारा की," वहिनी म्हणाल्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. "ठेवलाच हुता मी. सगळं सोमवार ठेवून उभी हुते, हात अवघडून जायचा. ह्यांनी काढताना उचलला."

"गप की गं," सर म्हणाले. "एवढी माणसं भांडली त्याच्यावर."

"का उचललात?" मी विचारलं.

सरांनी आरसा पोटावर ठेवला. "ठेवलेल्या हाताकडं कोण दुसऱ्यांदा बघतंय, बाई?"

त्यांना झोप येऊ लागली होती. मी निघाले. वहिनी दारापर्यंत आल्या नाहीत. त्या कॉटच्या मागे उभ्या होत्या. एका हातानं त्यांनी सरांच्या बोटांतून आरसा अलगद काढून घेतला. दुसरा हात सरांच्या खांद्यावर होता, नीट टेकलेला. मी ते पाहिलं, पायऱ्या उतरले, चपला घातल्या, आणि फाटकाशी थांबून दुसऱ्यांदा मागे वळून पाहिलं.